घरात पाच फुटांचं आभाळ ठेवायचं होतं

१ जानेवारी २०२३, रविवार. नव्या वर्षाचा पहिला दिवस म्हणून आम्ही चौघं खिद्रापूरला गेलो. कोपेश्वराच्या देवळात आधी स्वर्गमंडप लागतो. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं काम. मंडपाच्या मधोमध छतच नाही, गोल मोकळं आभाळ आहे. खाली तसाच गोल दगड, रंगशिला म्हणतात ती, आणि भोवती बारा खांबांचं कडं. आमची मुलगी तेव्हा चौथीत. ती तिथं बसली, मान वर केली आणि बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, "आई, आपल्या नव्या घराला असं ठेवूया की."

नवं घर तोवर फक्त बोलण्यात होतं. मी हायस्कूलला भूगोल शिकवते, नवरा शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नोकरीला. सासऱ्यांनी फार पूर्वी कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला १,८५० चौरस फुटांचा प्लॉट घेऊन ठेवला होता, एवढीच काय ती पुंजी. त्याच महिन्यात, २४ तारखेला, बाळकृष्ण दोशी गेले. पुण्यात जन्मलेले हे वास्तुविशारद, २०१८ साली त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला होता. काही वर्षांपूर्वी एका लग्नाला अहमदाबादला गेलो होतो तेव्हा त्यांनी बांधलेली गुंफा पाहिली होती. कासवाच्या पाठीसारखे घुमट आणि त्यावर फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवलेले. आपल्याकडं गच्चीवर चायना मोझॅक करतात तेच. साध्या गोष्टीचं इतकं देखणं काहीतरी होऊ शकतं हे तेव्हापासून मनात घर करून होतं. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी ठरवलं, आता पुढं ढकलायचं नाही.

३० एप्रिल २०२५ ला, अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत झाली. मधल्या सव्वादोन वर्षांत काय काय झालं ते तारखा आणि आकड्यांसकट लिहिते आहे. आम्ही शोधायला बसलो तेव्हा देखण्या बंगल्यांचे फोटो खूप मिळाले. पण कुठला कागद आधी, वेगळं काही करायचं तर कुणाला केव्हा सांगायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

फेब्रुवारीत आर्किटेक्ट मॅडमकडं गेलो. मुलीनं वहीत काढलेलं चित्र दाखवलं: मधोमध गोल, त्यातून पाऊस पडतोय आणि खाली चौघं उभे. मॅडमनी चित्र बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "पाणी कुठं जाणार?" त्या प्रश्नानं मला त्यांच्याविषयी खात्री वाटली. फी १ लाख १० हजार ठरली, त्यात महापालिकेचं सगळं सबमिशन आलं. आरसीसी डिझाइनचे वेगळे २८ हजार.

घरी सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न होता. स्लॅबला भोक म्हटल्यावर त्या वास्तुशास्त्र काढतील असं मला वाटलं होतं. त्यांचं माहेर शिवाजी पेठेतलं, जुन्या वाड्यातलं. त्या म्हणाल्या, "चौकात पाऊस पडायचाच की आमच्या. आम्ही चौकातच लहानाच्या मोठ्या झालो. फक्त कपडे वाळत घालायला दोरी ठेव म्हणावं." झालं. त्या दिवसापासून नकाशावर त्या जागेला आम्ही चौकच म्हणू लागलो.

इथून पुढं कागद. आणि इथं आमचं चुकलं. प्लॉट सासऱ्यांच्या नावावर, ते २०२० साली गेले आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारसनोंद करायची तशीच राहून गेली होती. मॅडमनी नकाशा काढायला घेतला आणि मग लक्षात आलं की अर्ज करायला मालकच कागदावर नाही. तुमच्याकडं असं काही असेल तर आर्किटेक्ट शोधण्याआधी पत्रिकेचा ताजा उतारा काढा. मार्चमध्ये नगर भूमापन कार्यालयात अर्ज दिला. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. नणंद पुण्याहून एक दिवस रजा टाकून आली आणि हक्कसोडपत्र नोंदवून गेली. जाताना तिनं प्लॉटवरची चिमूटभर माती रुमालात बांधून नेली. दादांची जागा आहे, म्हणाली. पत्रिकेवर सगळ्या नोंदी होईपर्यंत मे उजाडला.

मग मोजणी. तातडीच्या मोजणीचं चलन भरलं आणि २२ जूनला भूकरमापक आले. पश्चिमेच्या बाजूला आमची हद्द कागदापेक्षा नऊ इंच आत निघाली, शेजारच्यांचं जुनं कुंपण तेवढं इकडं आलं होतं. शेजार तीस वर्षांचा. आमच्या लग्नात मांडव त्यांच्या दारात होता. आम्ही वाद घातला नाही, जागेवर जेवढं आहे तेवढ्यावर नकाशा करायचं ठरवलं. मोजणीची क-प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, हातात आल्यावर मॅडमनी घराभोवती मोकळी सोडायची सगळी सामासिक अंतरं पुन्हा बसवली. हे काम नकाशा मंजूर झाल्यावर निघालं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. म्हणून मोजणी आधी, नकाशा नंतर, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

मधे एक मोहही झाला. नदीच्या बाजूला आमच्या प्लॉटच्या दीडपट मोठी जागा जवळपास त्याच किमतीत मिळत होती. मॅडमनी झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या पट्ट्यात येते त्याचा कागद, काढायला लावला. कोल्हापुरात हे फार महत्त्वाचं आहे. निळी पूररेषा वारंवार येणाऱ्या पुराची, लाल मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीच्या वर किमान ०.४५ मीटर उंचीवर. ती जागा या दोन रेषांच्या मधली निघाली. मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. मावशीच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं, तिची शिलाई मशीन आम्ही खिडकीतून बोटीत घेतली होती. तो विषय तिथंच संपवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी प्रस्ताव ऑनलाइन भरला. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच एकत्रिकृत नियमावली लागू आहे, त्यामुळं कुठल्या रस्त्याला किती चटई क्षेत्र हे आधीच कळतं. आमच्या नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे प्लॉटच्या १.१० पट बांधकाम. आम्हाला १,६२० चौरस फूटच बांधायचं होतं, तेव्हा अडचण नव्हती. त्रुटी दोन निघाल्या, दोन्ही आमच्याच. मोकळ्या प्लॉटचा दोन वर्षांचा घरफाळा थकला होता. तो ४,३६० रुपये भरला, थकबाकी नसल्याचा दाखला जोडला. दुसरी त्रुटी त्या गोलाची. नकाशात गोल दाखवला होता, पण छेदचित्रात, म्हणजे घराचा उभा काप दाखवणाऱ्या चित्रात, तो आकाशाकडं खुला आहे की वर काच येणार आहे ते कळत नव्हतं. छाननी करणाऱ्या साहेबांनी मॅडमना नीट समजावून सांगितलं: खुला असेल तर खुला लिहा, उद्या वर पत्रा टाकला तर क्षेत्र बदलतं. 'आकाशाकडे खुले' असे दोन शब्द लिहून नकाशा पुन्हा गेला. विकास शुल्क, छाननी शुल्क, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर, अनामत, सगळं मिळून १ लाख १२ हजार. ही रक्कम आमच्या हिशेबात नव्हतीच. गृहकर्जाचा पहिला हप्ता जोत्यानंतर मिळतो, म्हणजे हे पैसे घरातूनच उभे करावे लागतात. माझी एक आरडी मोडली.

१४ सप्टेंबरला, गणपतीच्या आधीच्या गुरुवारी, बांधकाम परवाना मिळाला. तो एक वर्षासाठी असतो, तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर वाढवून घ्यावा लागतो. तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, भूमिपूजन. सकाळी पूजा, संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला. काळी माती पाच फूट निघाली, मग मुरूम लागला. पाया, कॉलम, जोतं यात डिसेंबर गेला. इथं सांगण्यासारखं फार नाही, सगळ्यांच्या घराचं होतं तसं झालं. फक्त जोते तपासणी विसरू नका. जोत्यापर्यंत काम आलं की आर्किटेक्टनी कळवायचं, तो दाखला मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. बँकेलाही तोच लागतो.

गोलातून पडणारं पाणी झेलायला खाली काय ठेवायचं यावर आमच्या घरात सहा महिने चर्चा चालली होती. कुंड, हौद, काळ्या दगडाची द्रोणी. ऑनलाइन एक सुंदर सिरॅमिकचं भांडं मागवलं, ते फुटून आलं. बदली आलं तेही फुटकं. पैसे परत मिळाले, पण दीड महिना गेला. मग डिसेंबरात नवऱ्याच्या मित्राबरोबर करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर रस प्यायला गेलो. शेजारचं गुऱ्हाळ बंद पडलेलं, आणि चिपाडाच्या ढिगामागं एक जुनी काहील, उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, उपडी पडलेली. आठ फूट व्यासाची. वरच्या कडेला ठोकून ठोकून नितळ झालेली, आतून काळी कुळकुळीत. मी नुसता हात फिरवला. या भांड्यात किती हजार ढेपांचा गूळ झाला असेल! मालक म्हणाले, भंगारात घालायची आहे. भंगाराच्याच भावानं घेतली: किलोला ३६ रुपये, वजन २६५ किलो, ९,५४० रुपये. हायड्रा क्रेन आणि टेम्पोचे वेगळे साडेचार हजार.

आठ फुटांची वस्तू दारातून आत जात नाही. स्लॅब पडल्यावर वरूनही उतरवता येत नाही. म्हणून जोतं झाल्यावर, २८ जानेवारी २०२४ ला, हायड्रानं काहील चौकात उतरवून ठेवली. घराला भिंत नाही, छत नाही, नुसते कॉलम आणि मधे काहील. येणारे जाणारे विचारायचे, लग्नाचा स्वयंपाक आहे काय. घरात मोठी, वेगळी वस्तू ठेवायची मनात असेल तर ती नकाशाच्या वेळीच ठरवा, आणि माप घेऊनच. काहिलीखाली सहा इंचांचा विटांचा कट्टा, तळाला दोन इंची निचऱ्याचा पाइप, त्याला व्हॉल्व्ह आणि पाइप थेट बाहेरच्या शोषखड्ड्यात. मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंना घेऊन अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. ३१ जानेवारीला चरणांवर, १ फेब्रुवारीला छातीपर्यंत, २ तारखेला मुखापर्यंत. नोव्हेंबरातही ९ ते ११ असंच. मी लहानपणापासून बघते आहे, पण त्या दिवशी वेगळ्या डोळ्यांनी बघितलं. एवढ्या दाट वस्तीतून, एवढ्या लांबून, दगडी इमारतीनं उजेडाला वाट राखून ठेवली आहे. वाटेत बांधकामं आडवी आली की किरणं अडतात, त्याच्या बातम्या आपण वाचतोच. घरी येऊन मॅडमना फोन केला: आपल्या पश्चिमेच्या भिंतीला काही करता येईल का? काहिलीतल्या पाण्यावर संध्याकाळचं ऊन पडलं पाहिजे. त्यांनी विटांची जाळी सुचवली आणि भिंत रॅट ट्रॅप पद्धतीनं करायची. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली. विटा आडव्या न बसवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते. साधारण पाव हिश्श्यानं विटा कमी लागतात आणि पोकळीमुळं उन्हाचा ताप आत कमी येतो. पश्चिमेच्या भिंतीला याहून चांगलं काय?

आता स्लॅब. २ एप्रिल ठरली होती.

आमचे मिस्त्री मामा साठीचे. पहिल्या दिवसापासून त्यांना हे पटलं नव्हतं. "वैनी, स्लॅबला भोक न्हाई पडावं म्हणून लोक डांबर लावत्यात, आन् तुम्ही पैसं देऊन भोक ठेवताय." पण काम हातात घेतलं की जीव ओतायचे. गोलासाठी पत्र्याचं कडं त्यांनीच वाकवून आणलं होतं, पाच फूट व्यासाचं. आरसीसी डिझाइनमध्ये चारी बाजूंना बीम आणि गोलाभोवती १२ मिलीमीटर सळीच्या दोन कड्या होत्या. कड्याची उंची स्लॅबच्या वर नऊ इंच, म्हणजे गच्चीचं पाणी गोलातून खाली येणार नाही. फक्त आभाळाचं येईल.

१ एप्रिलच्या संध्याकाळी सेंट्रिंग पूर्ण, सळी बांधून तयार. सेंट्रिंगचा ठेकेदार हिशेब मागायला आला होता. मी शाळेतून थेट साइटवर गेले. वर चढून बघितलं तर सगळं नीट दिसत होतं. मुलगी खाली काहिलीशेजारी उभी होती. म्हणाली, "आई, खिद्रापूरला दगड बरोबर खाली होता. इथं जरा तिकडं दिसतंय." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कड्यावर दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणल्या, मध्य काढला आणि तिथून ओळंबा सोडला. आम्ही सगळे खाली काहिलीभोवती. पितळी ओळंबा झुलत झुलत खाली आला, हळूहळू थांबला. काहिलीच्या मध्यावर मी सकाळीच खडूनं खूण करून ठेवली होती. ओळंबा खुणेपासून सात इंच पूर्वेला.

सात इंच. पाच फुटांच्या गोलाला आणि आठ फुटांच्या काहिलीला सात इंचांनी काय होतं? ठेकेदार हेच म्हणत होता. सकाळी सहाला टोळी येणार, मिक्सर सांगितलेला, सिमेंट आलेलं. माझाही धीर सुटत होता. पण पावसाची झड आपल्याकडं पश्चिमेकडूनच येते, आणि काहिलीची कड गोलाबाहेर चारी बाजूंना दीड फूट ठेवली होती ती त्याच झडीसाठी. गोल सात इंच सरकला की त्यातला एक तृतीयांशाहून जास्त राखीव भाग त्या बाजूनं गेला. मामांनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्याचा स्लॅब परवा. गोल हलवायचा." आरसीसीवाल्या साहेबांना फोन केला. बीम जागेवर बरोबर होते, कडंच सरकून बसलं होतं, त्यामुळं त्यांनी परवानगी दिली, पण स्वतः येऊन बघितल्याशिवाय ओतायचं नाही असं बजावलं. ठेकेदार निघून गेला. मामा, त्यांचा पुतण्या आणि नवरा, तिघांनी रात्री साडेअकरापर्यंत हॅलोजन लावून सळ्या सोडल्या, कडं सरकवलं, पुन्हा बांधलं. पुन्हा ओळंबा. या वेळी टोक खडूच्या खुणेवर असं थांबलं की मुलीनं टाळ्याच वाजवल्या. सहा हजार जास्तीचे गेले आणि एक दिवस.

३ एप्रिलला स्लॅब पडला. दुपारी टोळीला मटणाचं जेवण, तांबडा-पांढरा. तुम्हाला माझं एकच आग्रहाचं सांगणं: जे काही वेगळं करताय त्याचं माप स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नव्हे, दोन दिवस आधी तपासा. ओतलेलं काँक्रीट कुणाचं ऐकत नाही.

एप्रिल-मे उन्हाचा. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवलं, एकवीस दिवस टेकू हलवले नाहीत. ७ मेच्या लोकसभा मतदानाची मला ड्यूटी होती, सासूबाई रोज संध्याकाळी रिक्षानं येऊन पाणी मारतात की नाही बघायच्या. पश्चिमेची भिंत सुरू करताना मॅडमनी आधी तीन फूट लांब नमुना भिंत बांधून घेतली. गवंड्यांना उभ्या विटा लावायची सवय नव्हती, दोन वेळा पाडली. तिसऱ्यांदा जमली आणि मग मामाच नव्या गड्याला शिकवायला लागले. नमुन्याला दीड दिवसाची मजुरी गेली. ती वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा घराला दारं-खिडक्या नव्हत्या. आम्ही चौघं छत्र्या घेऊन चौकात उभे राहिलो, मुलीच्या चित्रातल्यासारखे. काहिलीवर पाऊस पडतो त्याचा आवाज मला सांगता येणार नाही. लांबून हलगी वाजावी तसा. पण शिंतोडे कडेपासून तीन फुटांपर्यंत उडत होते हेही तेव्हाच कळलं. म्हणून काहिलीभोवती तीन फूट खरबरीत काळा दगड घातला, बाहेरच्या बाजूनं बारीक नाली. गुळगुळीत फरशी घातली असती तर सासूबाई पहिल्याच पावसात घसरल्या असत्या. फरशीचं ठरवण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या, जमलं तर.

जुलैअखेर पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. रस्ते बंद, वाळू नाही, गडी गावाकडं अडकलेले. तीन आठवडे काम ठप्प. आणि ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ ची वास्तू, शाहू महाराजांनी उभी केलेली. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आलेच नाहीत, त्या ढिगाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले होते. संध्याकाळी मला म्हणाले, "वैनी, बांधायला वर्षं जात्यात."

दिवाळीनंतर आम्ही आतल्या वस्तूंकडं वळलो. ज्यासाठी मी दोन वर्षं कात्रणं जमवत होते ते हे काम. माझं म्हणणं होतं, दिवे, मुठी, खुंट्या बाहेरून मागवायच्या नाहीत. ज्या गावात एवढ्या फौंड्र्या आहेत तिथं दाराची मूठ पेटीतून का यावी? काहील आहेच, तर मुठी उसाच्या कांड्याच्या करायच्या. नवऱ्याला हे ऐकून आनंद झाला, त्याच्या कामातलं मी पहिल्यांदाच काहीतरी मागत होते.

आधी आम्ही खरा उसाचा तुकडा घेऊन उद्यमनगरात एका पॅटर्नवाल्यांकडं, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्यांकडं, गेलो. त्यांनी समजावलं. ऊस वाळूत दाबला तर पेऱ्यापाशी वाळू धरून ओढली जाते, साचा फुटतो. त्याला बारीक उतार द्यावा लागतो. शिवाय बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. त्यांनी सागवानाचा पॅटर्न कोरला, दोन भागांत. पेरं, डोळा, पेऱ्याखालची ती बारीक रेघ, सगळं. साडेतीन हजार घेतले. मग एका लहान फौंड्रीत चोवीस नग ओतून घेतले, नगाला २४० रुपये. ओतकामाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. वाळूच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, धातू आला तेव्हा तो लाल नव्हता, पिवळट पांढरा होता, दुधासारखा हलत होता. कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेटी फोडली, वाळू झाडली आणि माझ्या हातात ऊस होता. लोखंडी, राखाडी, थंड. डोळ्यावरून अंगठा फिरवला तर तो खरंच उसाच्या डोळ्यासारखा लागला.

बिडाच्या वस्तू करणार असाल तर गंजाचा विचार आधी करा. आम्ही चार नगांना नुसतं जवसाचं तेल लावून पाहिलं, छान दिसतं, पण चौकाजवळच्या दाराला पावसात तांबूस डाग पडले. उरलेल्यांना काळं पावडर कोटिंग केलं. मुठीचं वजन साडेआठशे ग्रॅम, म्हणून दार भरीव लाकडाचं किंवा जाड फ्लशचं लागतं, हलक्या दाराचा स्क्रू सैल होतो.

ड्रॉवरच्या मुठींसाठी सुभाषनगरातल्या एका कारागीर काकांनी चपलेवर घालतात तशी कातड्याची वेणी विणून दिली. सोळा मुठी, प्रत्येकी ६० रुपये. त्या वापरून वापरून काळपट होत चालल्या आहेत, आणि मला त्या दिवसेंदिवस जास्त आवडतात. गच्चीवर चायना मोझॅक केलं. त्यात सासूबाईंच्या लग्नातल्या फुटलेल्या कपबश्या गोलाच्या कड्याभोवती बसवल्या आहेत, निळ्या फुलांच्या. त्या स्वतः टोपलीत तुकडे घेऊन बसल्या होत्या आणि कुठला कुठं ते गड्याला सांगत होत्या. गोलावरची जाळी साध्या १० मिलीमीटर सळीची. मांजर आणि माणूस येणार नाही एवढीच दाट ठेवली.

शेजारच्या काकांनी एकदा विचारलं होतं, असलं गोल बिल कोल्हापुरात कुठं असतंय? मी त्यांना खासबाग दाखवलं. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहिलं, आणि १९१२ साली इथं कुस्तीचं गोल मैदान झालं. त्यापुढं काका म्हणाले, "व्हय की." आता पाहुणे आले की तेच त्यांना आमचा चौक दाखवायला आणतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल दाखला, ड्रेनेज जोडणी, घरफाळ्याचं पत्र, चारी बाजूंचे फोटो. पाहणीला आलेल्या साहेबांनी चौकात उभं राहून वर बघितलं, नकाशातले 'आकाशाकडे खुले' हे शब्द वाचले आणि सही केली. १९ मार्चला प्रमाणपत्र मिळालं. अनामत परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो आपणहून करा. एकूण बांधकाम चौरस फुटाला २,०५० रुपयांनी पडलं, म्हणजे सुमारे ३३ लाख. आतलं सगळं धरून ३६. त्यात कर्ज २२ लाखांचं आहे.

२०२५ ला मेमध्येच पाऊस आला, वास्तुशांतीची तोरणं अजून दारावर होती. काहिलीत पाणी साठवायचं असेल तर डासांचं आधी बघावं लागतं. आम्ही गप्पी मासे सोडलेत आणि दर रविवारी व्हॉल्व्ह उघडून निम्मं पाणी बदलतो. पाऊस थांबल्यावर संध्याकाळी पश्चिमेच्या जाळीतून ऊन पाण्यावर येतं आणि छताच्या खालच्या बाजूला हलत राहतं, साधारण पंचवीस मिनिटं. मुलगी त्याच वर्षी सहावी संपवून सातवीत गेली. तिचा अभ्यास तेवढा वेळ चौकात असतो.

गोलासाठी मामांनी वाकवलेलं ते पत्र्याचं कडं गच्चीवर टाकीमागं उभं आहे. पाच फूट व्यास, एका बाजूला थोडं चेपलंय, पण ठोकून सरळ होईल. कुणाला घराला असं आभाळ ठेवायचं असेल तर येऊन घेऊन जा. छोट्या टेम्पोत उभं बसतं.